मी समजावलं होतं

माझा एक समज फार वर्षं टिकला. ज्याच्याकडे ताकद नसते तो समोरच्याचं मन वळवत बसतो. ज्याची बाजू खरी असते तो ठणकावून सांगतो आणि मोकळा होतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मिरजेच्या आमच्या घरात ते हवेतच होतं. आजोबा टिळकभक्त, बाबा त्यांच्याहून कडवे. बैठकीच्या खोलीत लोकमान्यांची तसबीर. घरात कुणी भांडणात मधला मार्ग सुचवला की त्याला मिळणारं विशेषण ठरलेलं असे : मवाळ. शाळेत काँग्रेसच्या १९०७च्या सुरत अधिवेशनाचा, जहाल-मवाळांच्या फुटीचा, धडा आला तेव्हा कुणाची बाजू घ्यायची हे मला आधीच माहीत होतं. गोखले, मेहता ही अर्जविनंत्या करणारी माणसं, इंग्रजाला इंग्रजीत पटवू पाहणारी. एवढंच मला कळलं होतं, आणि तेवढं कळणं पुरेसं आहे असं मी धरून चालले.

हा समज इतिहासापुरता राहिला असता तर त्याबद्दल लिहायचं कारण नव्हतं. तो माझ्या बोलण्यात उतरला. धाकट्या भावाशी, मैत्रिणींशी, पुढे शिकवणीतल्या मुलांशी माझं एक वाक्य ठरलेलं होतं : मी समजावलं होतं, त्यानं ऐकलं नाही. हे वाक्य उच्चारलं की माझ्यावरची जबाबदारी संपत असे. पुढे जे बिघडेल ते ऐकणाऱ्याच्या माथी.

लग्नानंतर, १९८०नंतरच्या दशकात, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही तामिळनाडूत गेलो. घर मिळालं पापनाशम्ला. तिरुनेलवेलीकडचं धबधब्याचं पापनाशम् वेगळं. हे तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या मधलं, रेल्वेच्या जुन्या मेन लाइनवरचं गाव. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेला मुलूख, भाताची खाचरं, केळीच्या बागा. रामलिंगस्वामींच्या देवळात एकशे आठ शिवलिंगं आहेत. खर-दूषणांना मारल्याचं पाप फेडायला रामानं ती पुजली, म्हणून गाव पापनाशम्, अशी कथा. मला मात्र पहिल्या दिवसांत धीर दिला तो तिथल्या पानमळ्यांनी. मिरजेजवळच्या आरग-बेडगचे पानमळे पाहत मी वाढले होते. इथेही वेल हादग्याच्या खोडावर चढवलेली, आणि पानांच्या जुडीला तमिळमध्ये कवुळी म्हणतात, म्हणजे आमची कवळीच. परक्या गावात असा एखादा शब्द भेटला की रडू येतं, तसं मला आलं.

शेजारी इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक राहत. गाव त्यांना रायर सार म्हणे. ते तंजावरचे मराठी, भोसल्यांच्या राजवटीत कावेरीकाठी स्थिरावलेल्या घराण्यांपैकी. व्यंकोजीराजांनी उभं केलेलं ते राज्य १८५५मध्ये संपलं, पण रायर सारांच्या घरातली मराठी संपली नव्हती. सुरुवातीला ती मला अर्धीच कळायची. शब्द जुने आणि बोलण्याची चाल तमिळ. मी त्यांना काका म्हणू लागले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३मध्ये मराठीत कोरवून घेतलेला भोसल्यांचा इतिहास मला त्यांनीच दाखवला. महाराष्ट्रात इतकी वर्षं शिकून मला तो माहीत नव्हता.

काकांना खरा अभिमान होता तो कुंभकोणम्च्या सरकारी कॉलेजचा. १८५४मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजला पुढे दक्षिणेचं केंब्रिज म्हणू लागले, ते विल्यम पोर्टर आणि टी. गोपाळराव या दोन शिक्षकांमुळे. गोपाळराव तंजावरी मराठी. सर टी. माधवराव यांचा जन्मही कुंभकोणम्चाच. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद त्यांनी सांभाळलं. तरुण सयाजीरावांना राज्यकारभार कसा करावा हे सांगणारी त्यांची १८८१ची व्याख्यानं ‘मायनर हिंट्स’ या नावानं छापलेली आहेत. काका म्हणत, दिवाणाला राजावर हुकूम सोडता येत नाही. त्याच्या हातात फक्त भाषा असते, आणि ती त्याला नीट यावी लागते. मला हे ऐकायला बरं वाटे. त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं मात्र वाटत नसे.

माझं इंग्रजी तर्खडकरी पाठमालेवर पोसलेलं, व्याकरणात पक्कं. त्याच बळावर मी गल्लीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलींची शिकवणी सुरू केली. त्यांत पानमळेवाल्याची एक मुलगी होती. फार समजूतदार. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागत नसे. दहावी झाल्यावर तिला प्लस टूला बसायचं होतं आणि वडील तिला घरी बसवणार होते.

मी त्यांच्या घरी गेले. माझं तमिळ मोडकं, त्यांना इंग्रजी येत नाही. मधे भाषांतराला खुद्द ती मुलगी. जिच्या आयुष्याबद्दल बोलायचं तिलाच मी दुभाषी करून उभं केलं होतं, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही. मी बोलत राहिले. काळ बदललाय, मुलींना शिकवलं पाहिजे, ही हुशार आहे, तुम्ही हिचं नुकसान करताय. ते मान हलवत ऐकत राहिले. शहाळं दिलं, दारापर्यंत पोचवायला आले, हात जोडले. मी घरी आले ती काम फत्ते झाल्याच्या समाधानात. पुढच्या आठवड्यात मुलगी शिकवणीला आली नाही आणि तिचं नाव पुढच्या वर्गात घातलेलं नाही असं कळलं.

त्या संध्याकाळी मी काकांच्या पडवीत जाऊन संतापानं बोलले. त्यांच्याशी सराव म्हणून मी इंग्रजीत बोलायची. म्हणाले, ‘आय पर्स्वेडेड हिम, बट ही डिडन्ट लिसन.’

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाले, ‘बाई, हे वाक्य होत नाही.’

मला वाटलं काळ चुकला असेल. त्यांनी सांगितलं, काळ बरोबर आहे, शब्दही बरोबर आहेत, पण ‘पर्स्वेड’ म्हटल्यावर पुढे ‘बट’ येऊ शकत नाही. समोरच्यानं मानलं नसेल तर तुम्ही ‘पर्स्वेड’ केलंच नाही. फार तर ‘ट्राइड टू पर्स्वेड’ म्हणा, प्रयत्न केला म्हणा. ते क्रियापद तुमच्या तोंडात सुरू होतं, पण पुरं होतं त्याच्या मनात. तिथं ते पोचलं नाही तर ते घडलंच नाही.

मी चिडले. एका मुलीचं शिक्षण सुटतंय आणि हे क्रियापद तपासत बसलेत, असं मनात आलं. घरी येऊन कोश काढला. कोशात ‘मन वळवणे’ असा अर्थ होता, तो मला शाळेपासून पाठ होता, मी तो मुलींना शिकवलाही होता. वापरताना मात्र मी त्या इंग्रजी शब्दाच्या आत माझं ‘समजावणं’ भरत होते. समजावलं पण ऐकलं नाही, हे मराठीत बिनचूक वाक्य आहे. आपल्या घराघरांत ते रोज ऐकू येतं. आपलं समजावणं आपलं बोलून झालं की संपतं.

रात्री झोप लागेना. आपल्या भाषेतच ही पळवाट आहे असं म्हणून सुटका करून घ्यावी, असंही वाटून गेलं. तेही खरं नव्हतं, कारण मराठीत ‘पटणं’ आहे. आणि ‘पटणं’ तर इंग्रजी क्रियापदाच्याही पुढे जातं. आपण ‘त्याला पटलं’ म्हणतो. त्या वाक्यात मी कुठेच नसते. भाषेनं मला सगळं दिलं होतं. त्यातला सोयीचा शब्द मी उचलला होता. किती माणसांना मी समजावलं आणि त्यातल्या कितीजणांना पटलं, हा हिशेब मी आयुष्यात प्रथमच मांडायला बसले, आणि फार थोडी नावं पुढे आली. भाऊ आठवला. त्यानं माझं न ऐकता सोडलेली नोकरी आठवली. तो तेव्हा काय म्हणत होता? मला आठवेना. मी काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द आठवत होतं.

सकाळी काकांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं : मुलीचे वडील काय म्हणाले? मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. ते काही म्हणाले होते का, हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांना बोलायला मी जागाच ठेवली नव्हती.

मग काकांनी दोन इंग्रजी क्रियापदं शेजारी मांडली. ‘कन्व्हिन्स’च्या पोटात लॅटिनमधलं ‘जिंकणं’ आहे. ‘पर्स्वेड’च्या मुळाशी गोडी आहे, आपल्या संस्कृतातला ‘स्वादु’ त्याच कुळातला. आज इंग्रज माणूस बोलताना हा भेद पाळतोच असं नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. जुना संकेत असा की माणसाला एखादी गोष्ट खरी वाटली की तो ‘कन्व्हिन्स’ झाला, आणि ती करायला तो उठला की ‘पर्स्वेड’ झाला. मुलीच्या वडिलांना शिक्षण चांगलं असतं हे माहीत नव्हतं असं तुम्हाला वाटतं का, असं त्यांनी मला विचारलं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. मी एका शहाण्या माणसाला त्याला माहीत असलेलीच गोष्ट वरच्या सुरात सांगून आले होते. अडाणी बापाला सुशिक्षित बाईनं शहाणं करायचं, असा तो सगळा बेत होता. तो मी त्याच्या घरात, त्याच्या मुलीच्या तोंडून वदवून घेतला होता.

नंतर आम्ही दोघं मुलीच्या वडिलांकडे गेलो. काकांनी शाळेचा विषय काढलाच नाही. पानाला भाव काय, मर लागली का, हादगा कुठून आणला, असंच बोलणं. मी आतून उतावीळ झाले होते. काही करायला हवं म्हणून मुलीच्या आईजवळ बसून कवुळ्या बांधू लागले. माहेरी हे काम पाहिलेलं, पण हात लावलेला नव्हता. मुलीची बोटं झरझर चालत होती आणि घरात तिच्या त्या कामाची किती गरज आहे हे मला पहिल्यांदा दिसलं. बऱ्याच वेळानं बाप आपणहून थोरल्या मुलाबद्दल बोलला. त्याला त्यांनी बारावीपर्यंत शिकवलं, कर्ज काढून. तो इंग्रजीत नापास झाला. आता तो मळ्यात यायला लाजतो, नोकरी त्याला मिळत नाही, दिवसभर कुंभकोणम्च्या बसस्टँडवर असतो. एक मूल असं मधेच लटकलं. दुसरं लटकू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

काका म्हणाले, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. माझ्याकडे आज याला उत्तर नाही. आणि आम्ही उठलो.

वाटेत मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडले. आपण तिची बाजू मांडायला गेलो होतो, तुम्ही त्यांचीच मान्य करून आलात! ते म्हणाले, त्यांचं मला पटलं. माझं मन हलणारच नसेल तर त्यांनी आपलं का हलवू द्यावं?

या वाक्यापाशी मी अजून थांबते. माझ्या घरात, माझ्या शाळेत, मी वाचलेल्या इतिहासात हे कुणी म्हटलेलं मला आठवत नव्हतं. मन वळवणं म्हणजे आपण उभं राहायचं आणि दुसऱ्याला वळवायचं, असंच मी धरलं होतं. वळायची तयारी आधी आपली लागते, आणि हरायचा धोका त्यात खरोखरचा असतो. ठणकावणाऱ्याला तो धोका नसतो. त्याचं मत सुरक्षित असतं. ज्याला मी शौर्य समजत होते त्यात मी कधी काही पणाला लावलंच नव्हतं, हे त्या बांधावरून चालताना मला कळलं. फार वाईट वाटलं.

पुढे बरंच येणंजाणं झालं. त्या बापानंच एकदा विचारलं की प्लस टूनंतर टीचर ट्रेनिंग करता येतं का, त्याला इंग्रजी किती लागतं. तिला इंग्रजीत कच्चं राहू देणार नाही एवढं आश्वासन मी दिलं, कारण तेवढंच माझ्या हातात होतं. उशिरा का होईना, तिला शाळेत घातलं. कुणी कुणाचं मन वळवलं ते मला सांगता येणार नाही. थोरल्या मुलालाही मी शिकवायला बसवलं. तो फारसा टिकला नाही.

हे चालू असतानाच काकांनी माझ्या हातात व्ही. एस. श्रीनिवास शास्त्र्यांची भाषणं ठेवली. शास्त्री वलंगैमानचे, पापनाशम्हून जवळच्याच गावचे, जन्म १८६९चा. शिक्षण कुंभकोणम्च्या त्याच कॉलेजात. पेशानं शाळामास्तर. १९०७मध्ये, म्हणजे सुरतेच्याच वर्षी, ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९१५मध्ये गोखले गेल्यावर त्याचे अध्यक्ष झाले. पुण्यातली ती संस्था, तिच्यावरून मी कितीदा गेले असेन. गोखल्यांच्या जागी कावेरीकाठचा माणूस बसला हे मला माहीत नव्हतं. मवाळांबद्दल मला काही माहीत करून घ्यायचंच नव्हतं.

मी ती भाषणं वाचली ती नव्या कानांनी. रौलट विधेयकाविरुद्ध फेब्रुवारी १९१९मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात शास्त्री बोलले; तसं बोलणं त्या सभागृहात क्वचितच झालं असेल. विधेयक तरीही मंजूर झालं. गोखल्यांचं प्राथमिक शिक्षणाचं विधेयकही तसंच गेलं. स्थानिक संस्थांना मुलग्यांसाठी शाळा सक्तीची करता यावी, मुलींचं पुढे पाहावं, इतकं सावध विधेयक. १९ मार्च १९१२ला ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. हरणार हे त्यांना ठाऊक होतं आणि भाषणात त्यांनी ते सांगितलंही. काकांच्या व्याकरणानं पाहिलं तर या दोघांनीही त्या दिवशी कुणाला ‘पर्स्वेड’ केलं नाही. प्रयत्न केला. आणि माझ्या डोक्यातला जुना आवाज लगेच म्हणाला : मग बाबांचंच बरोबर.

हा आवाज मी दाबला नाही, आजही दाबत नाही. त्या मुलीच्या बापाला विचार करायला वेळ होता. सगळ्यांना तो नसतो. जिथे कायदा हवा तिथे कायदाच हवा, आणि ज्याला ऐकायचंच नाही अशा सत्तेपुढे कधी तरी रस्त्यावर उतरावं लागतं, हे मी मानते. पण सक्तीच्या शिक्षणाचा कायदासुद्धा गोखले मनं वळवून आणू पाहत होते, हे मला आधी दिसलं नव्हतं. त्यासाठी त्यांनी शाळांचे, खर्चाचे, इतर देशांचे आकडे घेऊन विरोधकाचा एकेक आक्षेप त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडला आणि मग त्याला उत्तर दिलं. याला मी अर्जविनंत्या म्हणत होते. त्या पानांवर आर्जव शोधून सापडत नाही.

शास्त्री १९२७मध्ये हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. ज्या गोऱ्या लोकांना हिंदी माणूस शेजारी नको होता त्यांच्यापुढे ते गावोगाव बोलले. वंशभेद त्यानं संपला नाही, पुढे तर तो वाढला. डर्बनला हिंदी मुलांसाठी त्यांच्या प्रयत्नांतून १९२९मध्ये शास्त्री कॉलेज उभं राहिलं, ते मात्र राहिलं. मला हे पूर्वी क्षुल्लक वाटलं असतं. एका मुलीच्या प्लस टूसाठी किती फेऱ्या लागतात ते पाहिल्यावर वाटलं नाही.

एक प्रसंग मी बाबांना सांगायचा ठरवला. जानेवारी १९२४मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना ॲपेंडिक्सच्या दुखण्यानं पुण्याच्या ससूनमध्ये आणलं. रात्रीच शस्त्रक्रिया करायची ठरली. मर्जीतलं कुणी बोलवायचं का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेल्या नावांत शास्त्र्यांचं नाव होतं. असहकाराला शास्त्र्यांनी उघड विरोध केलेला. गांधींना त्यांचं पटलं नव्हतं, त्यांना गांधींचं. शस्त्रक्रियेला संमती देणारं निवेदन त्या रात्री गांधीजींसाठी शास्त्र्यांनी लिहिलं. ऑपरेशनच्या वेळी दिवे गेले आणि कर्नल मॅडॉकनी ते कंदिलाच्या उजेडात पुरं केलं, हे पुण्यात सगळ्यांना माहीत असतं. निवेदन कुणी लिहिलं ते क्वचित कुणी सांगतं. जानेवारी १९४६मध्ये शास्त्री मद्रासच्या रुग्णालयात होते तेव्हा गांधीजी त्यांना भेटायला गेले. एप्रिलमध्ये शास्त्री वारले. एकमेकांचं मन न वळता ही दोन माणसं शेवटपर्यंत एकमेकांशी बोलत राहिली.

सुट्टीत मिरजेला गेल्यावर मी बाबांना हे सांगितलं. सांगून झाल्यावर गप्प राहिले, आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते विचारलं. असं मी त्यांना पूर्वी कधी विचारलं नव्हतं. ते बराच वेळ बोलले. त्यांच्या वडिलांना केसरी वाचताना पाहून त्यांना काय वाटायचं, गरिबीत तेवढीच एक ताठ मान कशी होती, टिळक मंडालेला गेले त्या आठवणी आजोबा कशा सांगत. त्यांचा कडवेपणा कुठून आला ते मला त्या दुपारी कळलं, आणि त्यातलं बरंचसं पटलं. गोखल्यांबद्दलचं त्यांचं मत बदललं नाही. मी त्यांना ‘पर्स्वेड’ केलं असं मला म्हणता येणार नाही. नंतरच्या वर्षांत ते बोलताना ‘नामदार गोखले’ म्हणू लागले. आमच्या घरात ते नाव तोवर बिरुदाशिवायच घेतलं जाई. हे कशानं झालं ते मी त्यांना विचारलं नाही.